पीडीएफचा मोठा संग्रह संगणकावर आणि टॅबलेटवर एकत्र कसा नांदवायचा

शोधगंगेवरून, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून, एखादा प्रबंध उतरवून घेतलात की हाती एक फाइल येत नाही. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरण एक, प्रकरण दोन असे त्याचे सुटे तुकडे येतात. दुसरा प्रबंध उतरवला की त्याच नावांचे तुकडे पुन्हा, आणि संगणक बिचारा प्रत्येक नावापुढे एक, दोन, तीन चिकटवत बसतो. त्यात इंटरनेट आर्काइव्हवरची दोन-तीनशे एमबीची स्कॅन केलेली पुस्तकं, साहित्य आणि संस्कृती मंडळाची ई-पुस्तकं, शासननिर्णय, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले लेख. संशोधक असो, अनुवादक असो की एमपीएससीचा उमेदवार, वीस-तीस जीबीचा ढीग कधी साचला ते कळत नाही. मग हौसेनं टॅबलेट येतो, पेन येतं, आणि आठवड्याभरात रड सुरू होते: खुणा केल्या टॅबलेटवर, लिहायला बसलो संगणकावर, आणि तिथे तीच फाइल कोरी करकरीत.

अशा वेळी सगळे ‘कोणतं अ‍ॅप चांगलं?’ असं विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: तुम्ही केलेली खूण नेमकी कुठे साठवली जाते? त्याचं उत्तर ठरलं की सिंकचा (दोन्ही उपकरणांवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवण्याचा) मार्ग, अ‍ॅप, बॅकअप ही बाकीची उत्तरं जवळजवळ आपोआप मिळतात. ते न ठरवता अ‍ॅपं बदलत राहिलात, तर दर अ‍ॅपमध्ये थोड्या थोड्या खुणा अडकून पडतात.

खूण राहते कुठे?

पीडीएफ हा २००८पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा मान्य नमुना आहे. पिवळा पट्टा, चिकटचिठ्ठी, पेनाची रेघ यांच्या जागा त्या नमुन्यातच ठरवून दिलेल्या आहेत. जे अ‍ॅप हे नियम पाळतं ते खूण थेट फाइलमध्ये लिहितं, आणि मग ती फाइल अ‍ॅक्रोबॅट, फॉक्सिट, ओक्युलर, मॅकवरचं प्रिव्ह्यू अशा कुठल्याही वाचकात उघडली तरी खूण दिसते. हा पहिला प्रकार.

दुसऱ्या प्रकारात खुणा अ‍ॅपच्या स्वतःच्या वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये जातात आणि पीडीएफला हात लागत नाही. संदर्भांच्या नोंदी सांभाळणारं झोटेरो असं करतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते माहीत हवं. तिसरा प्रकार गुडनोट्स किंवा सॅमसंग नोट्ससारख्या अ‍ॅपांचा. ती तुमच्या पीडीएफची स्वतःच्या साच्यात वेगळी प्रत करून घेतात. तुम्ही लिहिता ते त्या प्रतीवर, मूळ फाइल आहे तिथे आहे तशीच. वर्गातल्या टिपणांसाठी ही अ‍ॅपं झकास आहेत, पण हजारभर फाइलींच्या संग्रहासाठी मी ती वापरू नका असंच सांगेन. मॅकवरचं स्किम हे आणखी एक नमुनेदार प्रकरण: ते टिपणं फाइलला बाहेरून जोडलेल्या गुणधर्मांत ठेवतं, आणि फाइल दुसऱ्या यंत्रणेवर गेली की ते गुणधर्म वाटेतच गळून पडू शकतात. त्यात टिपणं आत घालून निर्यात करायची सोय आहे. ती आठवणीनं वापरावी लागते.

तुमचं अ‍ॅप कोणत्या प्रकारातलं आहे हे जाहिरात वाचून कळणार नाही. दोन मिनिटांची परीक्षा घ्या. टॅबलेटवर एका पानावर एक पट्टा मारा, एक चिठ्ठी लावा, पेनानं एक वर्तुळ काढा. फाइल बंद करा. मग तीच फाइल यूएसबीच्या वायरनं संगणकावर आणा आणि वेगळ्याच कंपनीच्या वाचकात उघडा. तिन्ही दिसलं, तर खूण फाइलमध्ये आहे. आता उलटं करा: संगणकावर त्याच पट्ट्याचा रंग बदला, फाइल परत टॅबलेटवर न्या आणि तो पट्टा तिथे पुसता येतो का बघा. दिसतो पण पुसता येत नाही, असं झालं तर मधल्या एका अ‍ॅपनं खुणा पानात कायमच्या मुरवून टाकल्या आहेत. ते अ‍ॅप बाद.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. पट्टा शब्दांवर मारल्यासारखा दिसतो, पण फाइलमध्ये नोंद होते ती पानावरच्या जागेची. म्हणून खुणा केल्यानंतर त्याच पुस्तकाचं जरा बरं स्कॅन मिळालं आणि फाइल बदलली, तर फाइलमधले पट्टे जुन्या फाइलबरोबर जातात आणि डेटाबेसमधले भलत्याच ओळींवर जाऊन बसतात. सगळी साफसफाई खुणा करायच्या आधी उरकायची, ती यासाठी.

आधी ढीग उपसा

सगळे वीस जीबी टॅबलेटवर नेण्याची गरज जवळजवळ कुणालाच नसते. संगणकावर दोन फोल्डर करा: ‘कोठार’ आणि ‘चालू’. कोठारात सगळं, चालूमध्ये सध्याच्या कामाचं, म्हणजे येत्या दोन-तीन महिन्यांत खरोखर वाचणार आहात तेवढंच. सिंक फक्त ‘चालू’चं. वाचून झालेली फाइल खुणांसकट कोठारात परत जाते. एवढ्या एका विभागणीनं निम्मी डोकेदुखी संपते, आणि ६४ जीबीचा साधा टॅबलेटही पुरून उरतो.

दुबार प्रती आत्ताच काढा. ड्यूपगुरूसारखं मोफत साधन फाइलींचा मजकूर ताडून तंतोतंत सारख्या प्रती शोधून देतं, नाव काहीही असो. पण त्यातल्या एका प्रतीवर एक जरी पट्टा मारलात तरी दोन्ही फाइली आतून वेगळ्या होतात आणि हे साधन त्यांना जुळी म्हणून ओळखत नाही. म्हणून हा क्रम उलटा करू नका.

प्रबंधांचे तुकडे जोडण्यासाठी पीडीएफसॅम बेसिक पुरतं. प्रमाणपत्र आणि ऋणनिर्देशासकट सगळं एकत्र करा, तुकडे तसेच ठेवू नका. पुढे संदर्भ देताना एका प्रबंधाची एकच फाइल असण्याचं सुख कळतं. जोडलेल्या फाइलीतला पानक्रम आणि छापील पानक्रमांक जुळणार नाहीत, म्हणून टिपण लिहिताना छापील क्रमांकच लिहायची सवय ठेवा.

नावं: देवनागरीची एक अदृश्य मर्यादा

शासननिर्णय उतरवला की नावाच्या जागी लांबलचक अंकी सांकेतांक येतो. त्याच्या सुरुवातीला तारीख असते हे एक बरं. वर्ष, महिना, दिवस तसाच ठेवून पुढचे अंक उडवा आणि विषयाचे दोन-तीन शब्द जोडा. पुस्तकं आणि लेखांसाठी आडनाव, वर्ष, छोटं शीर्षक हा क्रम पुरेसा आहे. वर्षाचे अंक सगळीकडे एकाच लिपीत ठेवा, इंग्रजी तर इंग्रजी. मिसळ झाली की क्रमवारी लावताना देवनागरी अंकांच्या फाइली वेगळ्या टोकाला जाऊन पडतात.

मराठी नावं देवनागरीत ठेवायला माझी हरकत नाही, पण ती आखूड हवीत, आणि त्याला ठोस कारण आहे. विंडोजवर फाइलच्या नावात साधारण २५५ अक्षरचिन्हं चालतात. अँड्रॉइड आणि लिनक्सवर मर्यादा २५५ बाइट्सची असते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांच्या’ हा एक शब्द घ्या: श, एकार, त, क, ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार, च, हलन्त, य, काना. तेरा चिन्हं, एकोणचाळीस बाइट्स. असे सहा शब्द झाले की नाव संपलं. ज्या फाइलचं नाव विंडोजवर सुखेनैव नांदत होतं, ती टॅबलेटवर जायलाच नकार देते, आणि सिंक ‘एक फाइल बाकी’ असं सांगत दिवसचे दिवस अडून राहतं. नाव पन्नास-साठ चिन्हांत बसवा, हा त्रास होणार नाही.

त्याच शब्दातला ‘ऱ’ दुसऱ्या एका कारणानं त्रास देतो. तो एक सलग चिन्ह म्हणूनही लिहिला जातो आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. दिसायला दोन्ही सारखे, पण काही ठिकाणी शोध घेताना एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही. नावात ‘ऱ’ टाळता आला तर टाळाच.

अक्षरं खरंच अक्षरं आहेत का?

मराठी पीडीएफची खरी मेख इथे आहे. इंग्रजी लेख उघडला की शब्द निवडता येतात, पट्टा ओळीवर नीट बसतो, शोध चालतो. मराठीत ही खात्री नाही. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलमधली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. चारपैकी एक काहीतरी घडेल.

ओळ जशीच्या तशी आली, तर फाइल उत्तम, पुढे चला.

काही निवडताच आलं नाही, तर ते नुसतं चित्र आहे. आर्काइव्हवरची बरीच जुनी मराठी स्कॅन्स अशीच असतात.

चिकटवल्यावर रोमन अक्षरं, चिन्हं, कंस यांचा काला आला, तर ती फाइल युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले सामायिक संकेत येण्याआधीच्या पद्धतीच्या, फाँटमध्ये बनवलेली आहे. श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचे डीव्ही मालिकेतले फाँट यांत जुळवलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत वेगळीच अक्षरं असतात. नव्वदच्या दशकापासूनची असंख्य मासिकं आणि अहवाल या प्रकारात मोडतात.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. ओळ मराठीतच येते, पण वेलांट्या जागा सोडतात: ‘स्थिती’ची पहिली वेलांटी शब्दाच्या आधी जाते, जोडाक्षरं फुटतात, मध्येच मोकळ्या जागा पडतात. युनिकोडमध्ये केलेल्या अगदी ताज्या फाइलींमध्येही हे दिसतं, कारण पीडीएफ बनवताना अक्षरांच्या आकृत्या नोंदल्या जातात आणि त्यांवरून मूळ अक्षरं परत जुळवणं देवनागरीत अवघड जातं. अशा फाइलमध्ये ‘स्थिती’ शोधलंत तर शून्य निकाल मिळतील, आणि तुम्हाला वाटेल की शब्दच नाही.

दुसऱ्या प्रकारावर उपाय ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसरॅक्ट या मोफत इंजिनात मराठी आहे. त्याच्यावर आधारलेलं ओसीआरमायपीडीएफ हे साधन पानाचं चित्र तसंच ठेवून त्याखाली न दिसणारा अक्षरांचा थर घालतं. ते आज्ञा टाइप करून चालवावं लागतं. आज्ञांची सवय नसेल तर विंडोजवर नॅप्स-टू घ्या: त्यात ओसीआरची भाषा म्हणून मराठी उतरवायची, पीडीएफ आयात करायची आणि शोधता येणारी पीडीएफ म्हणून साठवायची. मराठीबरोबर इंग्रजीही निवडा, कारण आपल्याकडे तळटिपांत आणि ग्रंथसूचीत रोमन हटकून असतं. स्वतः स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा. त्याखाली रफार आणि अनुस्वाराचे ठिपके विरघळतात.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारासाठी एक बारीक सूचना. ओसीआरमायपीडीएफला ‘ज्या पानांवर आधीच मजकूर आहे ती सोडून दे’ अशी सूचना देता येते आणि एरवी तीच सोयीची असते. पण कृतिदेवाचा काला हासुद्धा त्याच्या दृष्टीनं मजकूरच! ते सगळी पानं सोडून देतं आणि काम फत्ते झाल्याचं सांगतं. अशा फाइलींवर ‘सक्तीनं ओसीआर कर’ हा पर्याय द्यावा लागतो. त्यात पानांची चित्रं केली जातात, म्हणून फाइल फुगते आणि अक्षरांची कड किंचित कमी धारदार होते. कोठारातल्या सगळ्या फाइलींवर हे करत बसू नका, ‘चालू’मध्ये आणताना एकेक करा. आणि मूळ प्रत कोठारात राहू द्या.

ओसीआर झालं म्हणून मजकूर शंभर टक्के बरोबर, असं धरून चालू नका. जुन्या शिळाछापाच्या पानांवर ते हात टेकतं. तिथे पट्ट्यापेक्षा समासात पेनाची उभी रेघ बरी.

मार्ग पहिला: साधं फोल्डर आणि सिंकथिंग

तुमचा टॅबलेट अँड्रॉइडचा असेल आणि संगणक विंडोज किंवा लिनक्सचा, तर माझी पहिली पसंती हीच. सिंकथिंग मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. ते फाइली कुठल्याही कंपनीच्या गोदामात साठवत नाही. तुमची दोन उपकरणं आपसात बोलतात. त्यामुळे जागेचं भाडं नाही, आणि घरच्या वायफायवर वेगही चांगला मिळतो.

संगणकावर सिंकथिंग बसवलं की त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. अँड्रॉइडचं मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४च्या आवृत्तीनंतर बंद झालं. आता सिंकथिंग-फोर्क वापरायचं, ते एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या दालनात मिळतं. ते उघडल्यावर सर्व फाइलींची परवानगी द्या. मग टॅबलेटच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बॅटरी बचतीचं बंधन काढा. ही पायरी लोक हमखास विसरतात, आणि मग ‘सिंक कधी चालतं कधी नाही’ अशी तक्रार करतात. पडदा बंद झाला की मागच्या अ‍ॅपांचा गळा दाबायची खोड बऱ्याच कंपन्यांच्या टॅबलेटना असते.

पुढे जोडणी. संगणकाच्या पानावर उपकरणाची ओळख क्यूआर चौकोनात दाखवा, टॅबलेटनं ती टिपा, संगणकावर ‘हे नवं उपकरण जोडू का?’ असं विचारलं की होकार द्या. मग संगणकावर ‘चालू’ फोल्डर घाला आणि टॅबलेटशी वाटून घ्या. टॅबलेटवर ते स्वीकारताना जागा अंतर्गत मेमरीतलीच निवडा. एसडी कार्डावर लिहिण्याच्या परवानग्यांची कटकट असते. फोल्डरचा प्रकार ‘पाठवा आणि घ्या’ असा दुतर्फी ठेवा. सुरुवातीला त्यात चार-पाच बिनमहत्त्वाच्या फाइली ठेवून वर सांगितलेली पट्टा-चिठ्ठी-वर्तुळ परीक्षा पुन्हा एकदा घ्या, या वेळी वायरशिवाय. मगच बाकीचा माल आत घाला.

संगणकावरच्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये जुन्या आवृत्त्या राखण्याचा पर्याय असतो. त्यातला टप्प्याटप्प्यानं राखणारा, म्हणजे ‘स्टॅगर्ड’, चालू करा. टॅबलेटकडून बदललेली फाइल आली की जुनी फाइल एका लपलेल्या फोल्डरमध्ये जमा होते. टॅबलेटवरचं अ‍ॅप साठवताना मध्येच बंद पडलं आणि फाइल मोडली, तर सुटका इथूनच.

टॅबलेटवर झोडो किंवा फॉक्सिटसारखा, खुणा फाइलमध्येच लिहिणारा वाचक घ्या. फाइल नेहमी त्या वाचकाच्या आतून, फोल्डरमध्ये शिरून उघडा. मेलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून ‘यात उघडा’ केलं की बरेचदा भलतीकडे एक प्रत तयार होते आणि तुमची दोन तासांची मेहनत त्या अनाथ प्रतीवर जाते.

आता भांडणाची गोष्ट. एकच फाइल दोन्हीकडे उघडी ठेवून दोन्हीकडे खुणा केल्यात, तर सिंकथिंग त्या एकत्र करत नाही. जी आवृत्ती आधीची असते तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ घालून ती बाजूला ठेवतं, काहीही पुसत नाही. दर आठवड्याला फोल्डरमध्ये हा शब्द शोधा. सापडलं तर दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडा, कमी खुणा असलेल्या प्रतीतल्या खुणा हातानं दुसरीत उतरवा आणि कमी खुणांची प्रत काढून टाका. हे टाळायची सवय सोपी आहे: फाइल बंद करायची, सिंक पूर्ण झालेलं बघायचं, मग दुसरीकडे उघडायची. संगणकावर वाचायला विंडोजमध्ये सुमात्रा ठेवलंत तर आणखी बरं, कारण ते फाइलला कुलूप लावून बसत नाही. नवी आवृत्ती आली की आपोआप दाखवतं.

मार्ग दुसरा: झोटेरो

आयपॅड असेल तर पहिला मार्ग अडखळतो, कारण तिथे मागे सतत चालणाऱ्या अ‍ॅपांना मोकळीक नसते. शिवाय तुम्हाला प्रबंध किंवा पुस्तक लिहायचं असेल, पानापानाला संदर्भ द्यायचे असतील, तर उपकरण कुठलंही असो, झोटेरोच बघा. ते मोफत आहे, २००६पासून आहे, २०२२मध्ये त्यात स्वतःचा पीडीएफ वाचक आला आणि आयपॅडचं अ‍ॅपही. पुढे अँड्रॉइडचंही आलं.

इथे खुणा डेटाबेसमध्ये राहतात हे आधी सांगितलंच. त्याचा फायदा असा की एक पट्टा मारला तर तेवढीच छोटी नोंद इकडून तिकडे जाते, तीनशे एमबीची फाइल पुन्हा चढवावी लागत नाही. आपल्याकडच्या मोबाइल डेटावर काम करणाऱ्याला हे फार मोलाचं आहे. आणि दोन्हीकडे खुणा केल्या तरी फाइलींच्या दोन-दोन प्रती होत नाहीत.

खर्चाचं गणित असं. नोंदी, टिपणं आणि खुणा यांच्या सिंकला पैसे पडत नाहीत. पीडीएफ फाइलींसाठी ३०० एमबी जागा फुकट. २ जीबीला वर्षाला २० डॉलर, ६ जीबीला ६०, अमर्याद जागेला १२०. पैसे द्यायचे नसतील तर झोटेरोच्या सिंक सेटिंगमध्ये फाइलींसाठी वेबडॅव्ह (दुसऱ्या सेवेच्या सर्व्हरवर फाइली ठेवण्याची पद्धत) निवडता येतं, आणि कूफर ही सेवा १० जीबीपर्यंत ते फुकट देते. फाइली तिथे बारीक झिप गाठोड्यांत, निरर्थक आठ अक्षरी नावांनी दिसतील. त्यांना हात लावू नका. वेबडॅव्ह फक्त स्वतःच्या संग्रहाला चालतं, गटाच्या सामायिक संग्रहाला नाही.

दोन पथ्यं. झोटेरोचं डेटा फोल्डर ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा सिंकथिंगमध्ये ठेवू नका. चालू डेटाबेसवर बाहेरच्या सिंकचा हात पडला की तो बिघडू शकतो. आणि फाइली झोटेरोच्या पोटात ठेवा. जागा वाचवायला नुसता दुवा देऊन ठेवलेल्या फाइली झोटेरो सिंक करत नाही आणि त्या टॅबलेटवर उघडतही नाहीत.

इंग्रजी लेख आत टाकला की झोटेरो त्यातला डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा) वाचून लेखक, वर्ष, नियतकालिक सगळं भरून टाकतं. मराठी स्कॅनच्या बाबतीत ही जादू क्वचितच चालते, नोंद हातानं करावी लागते. म्हणून इथेही ‘चालू’पुरतंच आणा. हजार पुस्तकांच्या नोंदी एका दमात करायला बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठून जातो.

संगणकावर ‘सिंकच्या वेळी उतरवा’ आणि ‘लागेल तेव्हा उतरवा’ असे दोन पर्याय असतात, पहिला ठेवा. टॅबलेटवर फाइल उघडली की उतरते. गावी जायच्या आदल्या रात्री हव्या त्या फाइली एकदा उघडून ठेवा, एसटीत रेंजच्या नावानं बोटं मोडावी लागणार नाहीत.

झोटेरो नको आणि आयपॅड आहे, तर आयक्लाउड किंवा वनड्राइव्ह, वर वाचक म्हणून पीडीएफ एक्स्पर्ट. आयक्लाउड आणि वनड्राइव्ह दोन्हींची फुकट जागा ५ जीबीच आहे. फाइल्स अ‍ॅपमध्ये फोल्डर दाबून धरून ते उपकरणावर उतरवून ठेवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर ऐन वेळी ढगाचं चिन्ह बघत बसाल. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हचं अ‍ॅप खरं फोल्डर उतरवत नाही, म्हणून तिथे फोल्डरसिंकसारखं मध्यस्थ अ‍ॅप लागतं. ड्राइव्हची १५ जीबीची फुकट जागा मेल आणि फोटोंमध्ये वाटली जाते, हेही ध्यानात असू द्या.

खुणांची भाषा

रंग तीन पुरे. माझे असे: पिवळा म्हणजे मुद्दा, हिरवा म्हणजे उद्धृत करण्याजोगं, लाल म्हणजे पटलं नाही किंवा तपासायचं आहे. सात रंगांची योजना कागदावर सुंदर दिसते, पण तिसऱ्या प्रकरणापर्यंत निळा कशासाठी होता ते आठवत नाही.

मराठीत लिहायचं तर चिकटचिठ्ठीत लिहा, पानावर थेट टाइप होणाऱ्या चौकटीत नको. चिठ्ठीतला मजकूर फाइलमध्ये साध्या युनिकोडमध्ये राहतो आणि उघडणारं अ‍ॅप स्वतःच्या फाँटमध्ये तो दाखवतं. पानावरच्या चौकटीत मात्र अ‍ॅपला फाँटसकट चित्र तयार करावं लागतं, आणि देवनागरीची जोडाक्षरं जुळवणं अनेक अ‍ॅपांना जमत नाही. ‘महत्त्व’ हलन्तांसकट सुटं सुटं पडतं किंवा नुसते चौकोन येतात. पेनानं समासात लिहिणं सुखाचं असतं, मीही लिहितो, पण ते शोधात सापडत नाही. म्हणून पेनाच्या टिपणाशेजारी एक चिठ्ठी आणि तिच्यात एकच शब्द: ‘कूळकायदा’, ‘पाणी’, ‘संदर्भ’.

पट्ट्यांमधला मजकूर एकत्र काढायची सोय झोटेरोत आहे: नोंदीवर उजवी टिचकी मारून खुणांपासून टिपण तयार करा, पानक्रमांकासकट सगळं येतं. पहिल्या मार्गानं गेलेल्यांसाठी पीडीएफअ‍ॅनॉट्स हे छोटं साधन तेच काम करतं. पण वेलांट्या विस्कटलेल्या फाइलीतून मजकूरही विस्कटलेलाच येणार. मराठी फाइलीत महत्त्वाच्या पट्ट्याला स्वतःच्या शब्दांत एक ओळ जोडा; विस्कटलेल्या उताऱ्यापेक्षा तीच ओळ लिहिताना उपयोगी पडते.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

टॅबलेटवर चुकून फोल्डर पुसलंत, तर सिंक तत्परतेनं ते संगणकावरूनही पुसतं. म्हणून आठवड्यातून एकदा कोठार आणि चालू दोन्हींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा, कायम जोडलेली ठेवू नका. झोटेरोवाल्यांनी झोटेरो बंद करून पूर्ण डेटा फोल्डर उचलायचं. नुसत्या पीडीएफ उचलल्या तर खुणा मागे राहतील. शक्य असेल तर आणखी एक प्रत दुसऱ्या घरी.

महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची कुठलीही एक फाइल उघडून पाहा, खुणांसकट.

फाइल दुसऱ्याला देताना

मार्गदर्शकांना किंवा संपादकांना फाइल पाठवायची वेळ येते तेव्हा पहिल्या मार्गानं गेलेल्यांना काहीच करावं लागत नाही, खुणा आतच असतात. फक्त हे बघा की प्रत्येक चिठ्ठीवर लेखक म्हणून अ‍ॅपमध्ये भरलेलं नाव जातं. तिथे टॅबलेटच्या मॉडेलचं नाव किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर सेटिंगमध्ये बदला. झोटेरोतून पाठवताना फाइल मेन्यूतून पीडीएफ निर्यात करा, तेव्हा खुणा आत लिहिल्या जातात. साठवणीच्या फोल्डरमधून थेट उचललेली फाइल कोरीच जाईल. छापायला देत असाल तर छापताना ‘पान आणि खुणा’ हा पर्याय निवडलाय का ते पाहा, आणि चिठ्ठ्यांमधला मजकूर छापून हवा असेल तर तो वेगळा काढून जोडा, कारण कागदावर चिठ्ठीचं नुसतं चिन्ह उमटतं.